आधी उधारीची वही, मग देणगीची पेटी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लातूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावाबाहेर शेल्टर, ६५ कुत्री, वीसेक मांजरं, तीन गाढवं. जागा नाही किंवा पैसा नाही म्हणून कुणालाही मारायचं नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. महिन्याला देणग्यांचे साधारण ७० हजार येतात आणि ते खाणं, दोन माणसांचे पगार आणि पाण्याचे टँकर यांत संपतात. डॉक्टर, मेडिकल आणि लॅब मिळून १ लाख ४० हजारांची उधारी झालीय. तुम्ही शाळेत शिकवता, रविवारी तिथं जाता, आणि विचारता की दवाखान्याच्या खर्चासाठी पैसे कसे उभे करायचे, ऑनलाइन मोहीम काढावी का, ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी नोंदणी) करून घ्यावं का. शेवटी एका ओळीत लिहिलंय की शेल्टर चालवणाऱ्या काकू आता नवीन प्राणी घेणंच बंद करू म्हणतात, ते बरोबर आहे का. ती ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. तिच्याकडे शेवटी येते.

मी डॉक्टर नाही. २६ वर्षं बँकेत नोकरी केली आणि गेली १४ वर्षं परभणीजवळच्या एका शेल्टरचा हिशोब आणि औषधांचं कपाट सांभाळते. त्यामुळे औषधांविषयी जे लिहीन ते आमच्या डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून शिकलेलं आहे, तुमच्याकडे काय आणि किती द्यायचं ते तुमचे डॉक्टरच ठरवतील. पैशांचं मात्र खात्रीनं सांगू शकते.

पैसे गोळा करण्याचे मार्ग पुष्कळ आहेत, आणि त्यातले बरेचसे तुम्हाला माहीतही असतील. पण १ लाख ४० हजार हा आकडा जसा आहे तसा घेऊन लोकांपुढे जाऊ नका. रांजणाला भोक असेल तर किती घागरी ओतल्या याला अर्थ राहत नाही. आमच्याकडे मी आले तेव्हा पहिली तीन वर्षं मी घागरीच ओतत होते. दर दिवाळीला उधारी फेडायची आणि दर पावसाळ्यात ती पुन्हा तेवढीच व्हायची. मग एका मे महिन्यात दुपारी, बाहेर ४३ अंश ऊन असताना, मेडिकलची वर्षभराची बिलं जमिनीवर पसरून बसले आणि प्रत्येक बिलावर पेन्सिलीनं लिहीत गेले की हे कोणत्या जनावरासाठी आणि कशामुळे आलं. संध्याकाळपर्यंत बिलांचे चार ढीग झाले. एक, दर महिन्याला येणारच असा खर्च: जंताच्या गोळ्या, लसी, ड्रेसिंगचं सामान, डॉक्टरांच्या नेहमीच्या फेऱ्या. दोन, अपघात आणि ऑपरेशनं. तीन, कायमचे रुग्ण: मणका मोडलेली, किडनी गेलेली, म्हातारी. आणि चौथा ढीग, आपण टाळू शकलो असतो असा खर्च. सगळ्यात उंच हा चौथा होता.

तो कसा झाला हे एका प्रसंगावरून सांगते, कारण तुमच्याकडेही तो याच वाटेनं झाला असणार.

जानेवारीतली गोष्ट. रस्त्यावरच्या कुत्र्यांची पिल्लं आपल्याकडे दिवाळीनंतर, थंडीत जास्त होतात, त्यामुळे पौष-माघात शेल्टरच्या दाराशी पोत्यात बांधलेली पिल्लं येणं नित्याचंच. त्या दिवशी पाच आली, दीड-दोन महिन्यांची. वेगळी ठेवायला जागा नव्हती म्हणून आधीच्या पिल्लांबरोबर ठेवली. दुसऱ्या दिवशी आमचा राखणदार म्हणाला, "ताई, ह्यातलं एक नुसतं कोपऱ्यात बसायलंय बघा, दूध बी घेईना." मी म्हटलं, नवीन आहे, घाबरलं असेल. रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या, पहाटे रक्ताची हगवण. पार्वो, पिल्लांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार. दहा दिवसांत अकरा पिल्लं आजारी. दिवसातून दोनदा सलाईन, उलटी थांबवायची इंजेक्शनं, अँटिबायोटिक, रात्रभर गरम पाण्याच्या बाटल्या. त्या बारक्या पायात शीर सापडत नाही, सापडली तर टिकत नाही, आणि सुई पुन्हा टोचताना पिल्लू ओरडतसुद्धा नाही. चार वाचली. औषधांचं बिल आमच्या एरवीच्या दोन महिन्यांच्या बिलाएवढं झालं. ते पोतं दारातून आत येताना कुणी पंधरा मिनिटं थांबून विचार केला असता तर यातलं बहुतेक टळलं असतं. तो विचार करायची जबाबदारी माझी होती.

पार्वोचा विषाणू साध्या फिनाइलनं मरत नाही आणि जमिनीत महिनोन् महिने टिकतो. एका पिल्लाच्या पाच-सहा दिवसांच्या उपचारात आठ-दहा पिल्लांची लस होते. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. येणारं प्रत्येक पिल्लू दारातच डॉक्टरांच्या सल्ल्यानं लस आणि जंताचं औषध घेतं आणि १४ दिवस वेगळं राहतं. सहा आठवड्यांच्या पुढे, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, चार महिन्यांचं होईपर्यंत लसी पूर्ण करायच्या. वेगळं ठेवायची खोली म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि तीन फुटांच्या चार भिंती, मुख्य आवारापासून लांब. तिथली चप्पल वेगळी, भांडी वेगळी, झाडू वेगळा, आणि त्या खोलीचं काम सगळ्यात शेवटी. फरशी आधी साबणानं घासायची आणि मग ब्लीचचं पाणी, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, दहा मिनिटं राहू द्यायचं. मातीच्या जमिनीवर ब्लीचचा उपयोग होत नाही, म्हणून तेवढ्या तुकड्यावर तरी कोबा करून घ्या. देणगीतून पहिलं बांधकाम काही करायचं असेल तर हेच करा.

दुसरं भोक गोचिडांचं. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत आपल्याकडे गोचीड भिंतीच्या भेगांत, पत्र्याच्या सांध्यांत, पाण्याच्या टाकीखाली लपून बसतात. गोचीड ताप झालेल्या कुत्र्याला डॉक्सिसायक्लिन साधारण २८ दिवस द्यावं लागतं, वर रक्ताच्या तपासण्या, आणि उशीर झाला तर नाकातून रक्त येऊन हातात काही राहत नाही. आम्ही फेब्रुवारीत सगळ्या भेगा सिमेंटनं बुजवतो, चुना मारतो आणि डॉक्टरांनी सांगितलेलं औषध सगळ्या कुत्र्यांना एकाच दिवशी लावतो. निम्म्यांना आज आणि निम्म्यांना पुढच्या महिन्यात पैसे आल्यावर, असं केलं तर दोन्ही वेळचा खर्च वाया जातो.

तिसरं नसबंदीचं. आवारातली एकही मादी नसबंदीशिवाय ठेवू नका. पिल्लं होतात एवढाच मुद्दा नाही. गर्भाशयात पू होऊन रात्री अकरा वाजता करावं लागणारं ऑपरेशन हे ठरवून केलेल्या नसबंदीच्या कितीतरी पट महाग पडतं, आणि जिवाला धोका असतो तो वेगळाच.

आता औषधांच्या खरेदीकडे या. डॉक्टर चिठ्ठीवर बहुधा सवयीचं ब्रँडचं नाव लिहितात. त्यांना विनंती करा की औषधाचं मूळ नाव लिहा. डॉक्सिसायक्लिन, मेट्रोनिडॅझोल, अमोक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अशी बरीच औषधं माणसांसाठीच्या जनऔषधी केंद्रात पुष्कळ स्वस्त मिळतात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती प्राण्यांनाही चालतात. पण हे वाचून कुणी स्वतःच्या मनानं घरातल्या गोळ्या देऊ नका. पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, किडनी जाते. डायक्लोफिनॅक जनावरांना देण्यावर तर २००६ पासून बंदीच आहे, मेलेल्या ढोरांच्या मांसातून ते गिधाडांना मारतं म्हणून. एका स्वयंसेवकानं प्रेमापोटी दिलेल्या एका गोळीमुळे आमचं एक मांजर गेलं. त्यानंतर मी कपाटाला कुलूप लावलं, आणि किल्ली दोघांकडेच असते.

लसींचं शीतसाखळीचं पथ्य सांभाळा. २ ते ८ अंश. उन्हाळ्यात तालुक्याच्या गावी चार-पाच तास वीज जाते आणि फ्रिजमधली लस दिसायला तशीच राहते, पण तिच्यात दम उरलेला नसतो. अशी लस टोचलेलं जनावर आजारी पडलं की लस, उपचार आणि विश्वास असं तिन्ही गमावतो. आम्ही रेबीजची लस साठवतच नाही. रेबीजची दहा डोसांची कुपी येते, ती उघडली की त्याच दिवशी संपवायची. म्हणून महिन्यातला एक रविवार लसीचा. डॉक्टर येतात, आमची जनावरं होतात, आणि आजूबाजूच्या वस्तीतले लोक आपापली कुत्री घेऊन येतात, ते डॉक्टरांना त्यांची फी देतात. डॉक्टरांचा दिवस फुकट जात नाही आणि आमचा एकही डोस वाया जात नाही. बऱ्याच जिल्ह्यांत पशुसंवर्धन विभाग ६ जुलैला, म्हणजे प्राणिजन्य आजार दिनाला, आणि २८ सप्टेंबरच्या रेबीज दिनाला मोफत लस देतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात महिनाभर आधी लेखी अर्ज द्या, जनावरांची संख्या लिहून.

आणखी एक. जे रोज पिंजऱ्यात हात घालतात त्या दोन माणसांची रेबीजची आधीच घ्यायची लस हाही दवाखान्याचाच खर्च धरा. तो खर्च यादीत कुणी धरत नाही.

डॉक्टरांविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण शेल्टरची सगळ्यात मोठी ठेव तीच असते आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिच्याकडेच होतं. "सेवा आहे, पैसे कसले मागता" असं आपण तोंडानं म्हणत नसलो तरी वागण्यातून म्हणतो. रात्री-बेरात्री फोन करतो, गाडीत जनावर घालून न विचारता दारात उभे राहतो आणि पैशांचं नंतर बघू म्हणतो. डॉक्टर पहिलं वर्ष करतात, दुसरं वर्ष करतात, तिसऱ्या वर्षी फोन उचलत नाहीत. मग आपण म्हणतो, डॉक्टर बदलले. आमच्याकडचे आधीचे डॉक्टर असेच दुरावले आणि त्यात चूक आमची होती. आता आम्ही आठवड्यातला एक वार आणि दोन तास ठरवून घेतलेत, त्याचं महिन्याचं मानधन ५ तारखेच्या आत जातं, बाकी काहीही राहिलं तरी. त्या दोन तासांसाठी राखणदार आठवडाभर वहीत लिहून ठेवतो: कोण जेवत नाही, कोण लंगडतं, कुणाच्या कानाला वास येतो. असं झाल्यापासून रात्रीचे फोन महिन्याला एक-दोनवर आले, कारण जे मंगळवारी बारीक दिसतं त्याचं शनिवारी मोठं होत नाही. पावसाळ्यात तर हे फार जाणवतं. जखमेत किडे पडायला दोन दिवस पुरतात. पहिल्या दिवशी दिसलं तर वीस-पंचवीस रुपयांच्या सामानात भागतं, चौथ्या दिवशी दिसलं तर कातडीखाली हातभर पोकळी झालेली असते.

तुम्हाला एक सोय आमच्यासारखीच आहे. मराठवाड्यात परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. लातूरहून उदगीर तास-दीड तासावर. तिथल्या शिक्षणाच्या दवाखान्यात एक्स-रे, हाडांची ऑपरेशनं, गाठी काढणं हे खाजगीपेक्षा पुष्कळ कमी खर्चात होतं, आणि शिकणाऱ्या मुलांना वेगवेगळे रुग्ण बघायला मिळतात. मात्र तिथं अचानक जाऊन उभं राहू नका. विभागप्रमुखांना पत्र द्या, वार ठरवून घ्या, एका फेरीत दोन-तीन जनावरं न्या. तातडीचं असेल तर अर्थात जवळचाच डॉक्टर.

आता अवघड विषय. 'मारायचं नाही' या नियमाचा अर्थ तुमच्याकडे कुणी लिहून ठेवलाय का? नसेल तर लिहून घ्या, कारण बिलाचा तिसरा ढीग यावरच ठरतो. माझी समजूत अशी: जागा, पैसा किंवा कंटाळा यांमुळे एकाही जिवाला मारायचं नाही. पण ज्याच्या वेदना थांबवणं कुठल्याच औषधाला जमत नाही त्याला डॉक्टरांनी शांतपणे सोडवणं यानं हा नियम मोडत नाही. प्राणी जन्म नियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांतही असाध्य आजारी आणि प्राणांतिक जखमी कुत्र्यासाठी पात्र डॉक्टरांकडून वेदनारहित मरणाची तरतूद आहे. अमेरिकेत जी शेल्टरं स्वतःला 'नो-किल' म्हणवतात तीही शंभर टक्के जगवतो असं म्हणत नाहीत, त्यांचं नेहमीचं माप ९० टक्क्यांचं आहे.

आमच्याकडे ट्रकखाली आलेली एक पांढरी कुत्री होती. मणका दोन ठिकाणी तुटलेला, मागचा भाग पूर्ण गेलेला, लघवी दाबून काढावी लागायची. दोन महिने केलं. बसून बसून झालेल्या जखमा हाडापर्यंत गेल्या, ड्रेसिंग सोडताना ती राखणदाराचा हात तोंडात धरायची, चावायची नाही, नुसता धरून ठेवायची. डॉक्टरांनी तीन वेळा सुचवलं आणि आम्ही तीन वेळा नाही म्हटलं. चौथ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "ताई, हे कुणासाठी चाललंय?" त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याच आवारात मणका गेलेलीच दुसरी दोन कुत्री चाकाच्या गाडीवर आनंदात फिरतात, जेवणाच्या वेळी सगळ्यांच्या पुढे असतात, आणि त्यांच्यासाठी लागेल तो खर्च आम्ही करतो. म्हणून सरसकट नियम करता येत नाही. प्रत्येकाचं वेगळं बघावं लागतं. आम्ही ठरवलंय की निर्णय डॉक्टर, राखणदार आणि विश्वस्तांपैकी एक अशा तिघांनी मिळून घ्यायचा, कारणं लिहायची, आणि त्या बैठकीत खर्चाचा आकडा बोलायचा नाही. आकडा त्या बैठकीत आला की निर्णय गढूळ होतो.

एवढं झालं की १ लाख ४० हजारांकडे बघा. बँकेत वर्षानुवर्षं पाहिलेली गोष्ट सांगते: जुनी बाकी आणि चालू खर्च एकाच वहीत राहिले की दोन्ही बुडतात. उद्यापासून नवीन वही घाला. मेडिकलवाल्याकडे जाऊन स्पष्ट सांगा की जुनी बाकी अमुक, ती महिन्याला इतकी फेडणार, आणि आजपासूनचं औषध रोखीनं नेणार. कुणीही व्यापारी याला नाही म्हणत नाही, उलट रोखीवर दोन पैसे सोडतो. बाकी फेडताना सगळ्यात आधी लॅबवाल्याची फेडा. त्याची रक्कम लहान असते आणि बहुतेकदा तो नुकताच धंद्यात पडलेला पोरगा असतो, त्याला त्या पैशांची जास्त गरज असते.

आता पैसे उभे करण्याचं. तुमच्या शेल्टरला खाण्यासाठी देणारे लोक आहेत, औषधासाठी नाहीत, हे तुमच्या आकड्यांवरूनच दिसतं. सगळीकडे असंच असतं. भुकेल्याला घास घालणं आपल्या अंगात मुरलंय. नरसीच्या नामदेवांचं पोळी घेऊन पळणारं कुत्रं आणि मागं तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, पैठणच्या नाथांनी रामेश्वरासाठी आणलेली काशीची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी लावणं, हे मराठवाड्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्याचा उपयोग असा करा की खाणं लोकांकडून धान्याच्या रूपानं घ्या आणि त्यामुळे वाचलेली रोकड औषधाला ठेवा. ज्वारी निघाल्यावर, फेब्रुवारी-मार्चात, चार गावांत फिरा. कुणी एक पायली देईल, कुणी पोतं. आम्ही वर्षाची निम्मी ज्वारी अशी जमवतो.

पण शिजवलेलं अन्न बंद करा. पितृपक्षात आमच्याकडे इतकी खीर, भजी आणि पुरणपोळ्या यायच्या की पुढचा आठवडा हगवणीच्या औषधांत जायचा. वाढदिवसाची बिस्किटंही तशीच. लोकांची भावना खरी असते, तिला नाही म्हणू नये, तिला वाट करून द्यावी. दारावर पाटी लावलीय: 'वडिलांच्या नावानं एका कुत्र्याची वर्षाची लस', 'आईच्या नावानं एका जखमेचं ड्रेसिंग', खाली रक्कम. पहिल्या वर्षी दोघांनी नाराजीनं डबा परत नेला. आता पंधरवड्यात रांग लागते, आणि पावतीवर गेलेल्या माणसाचं नाव बघून कितीतरी जण डोळे पुसतात.

मोठी देणगी शोधण्यापेक्षा लहान आणि ठरलेली देणगी शोधा. महिन्याला दोनशे रुपये देणारी शंभर माणसं म्हणजे वीस हजार, आणि तुमच्याकडचा नेहमीचा औषधखर्च बहुधा तेवढ्यातच बसेल, भोकं बुजवल्यावर. ही माणसं कुठून आणायची? तुमच्या शाळेतले सहकारी, काकूंच्या ओळखीचे, आणि बायकांच्या भिशी. आमच्या गल्लीतल्या भिशीत बारा जणी आहेत आणि तेरावा हप्ता शेल्टरच्या नावाचा असतो. पाच वर्षांत एकदाही चुकला नाही. या शंभर जणांना दर महिन्याला एक कागद पाठवा, व्हॉट्सॲपवर, हातानं लिहिलेला असला तरी चालेल: किती आले, कशावर गेले, कोण बरं झालं, कोण गेलं. ज्यांना संस्थेच्या हाती रोकड द्यायची नसते त्यांना मेडिकलच्या दुकानाचा क्यूआर द्या, त्यांनी तिथं थेट भरावं आणि बिल शेल्टरच्या नावानं व्हावं. तुमच्या प्रामाणिकपणावर शंका घेतली असं मानू नका. ज्याला स्वतः बघून द्यायचंय त्याला बघू द्या. फक्त अशा पैशांची संस्थेला देणगीची पावती देता येत नाही, हे आधीच सांगा.

वर्षाचं गणितही लक्षात घ्या. आपल्याकडे हातात पैसा खेळतो तो सोयाबीन-कापूस विकल्यावर, दिवाळीच्या आसपास, आणि पगारदारांचा मार्चअखेर. खर्च मात्र उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वाढतो, नेमकं तेव्हा लोक बियाणं, खत आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांत अडकलेले असतात. पाऊस लांबला तर टँकरही औषधांचे पैसे पिऊन टाकतात. म्हणून दिवाळीत आलेल्यातला तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका आणि जूनपर्यंत त्याला हात लावू नका. आमच्या त्या खात्याची पासबुकं माझ्याकडे आहेत, खात्यातून पैसे काढायला दोन सह्या लागतात.

ऑनलाइन मोहीम करा, पण एका जनावराच्या एका ऑपरेशनसाठी. सगळ्या उधारीसाठी केली तर लोकांना चेहरा दिसत नाही. मोहिमेच्या पानावर आधीच लिहा की पैसे उरले तर ते बाकीच्यांच्या उपचाराला जातील, आणि जनावर वाचलं नाही तर काय करणार. आमची एक घोडी ऑपरेशनच्या आदल्या रात्री गेली. पैसे जमले होते. त्याच रात्री सगळ्यांना कळवलं आणि पैसे परत हवेत का विचारलं. दोघांनी मागितले, सकाळी परत केले. बाकीच्यांनी राहू द्या म्हणून कळवलं, आणि त्यातले काही आज महिन्याचे देणगीदार आहेत. रक्तबंबाळ फोटो टाकू नका. लोक नजर फिरवतात, आणि त्या जिवाचीही काही अब्रू असते.

८०जी करून घ्या, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही, आणि नवीन करप्रणाली घेतलेल्या पगारदाराला या सवलतीचा फायदाच मिळत नाही. दरवर्षी देणगीदारांचं विवरण भरावं लागतं, म्हणजे लेखापरीक्षक लागतो. त्याचा खरा उपयोग कंपन्यांकडे जाताना होतो. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत प्राणी कल्याण स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यामुळे सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी खर्चायचा पैसा आपल्याला मिळू शकतो. वाळूज-शेंद्र्याचे कारखाने आहेत, जालन्याचं स्टील आणि बियाणं आहे, तुमच्याकडे लातूरला तेल आणि डाळीच्या गिरण्या आहेत. सगळ्यांना सीएसआरचं बंधन लागू नसतं, पण विचारायला हरकत नाही. त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते आणि बहुतेक जण तीन वर्षांचे तपासलेले हिशोब मागतात. कंपन्या औषधांच्या बिलाला सहसा पैसे देत नाहीत. फ्रिज, इन्व्हर्टर, ऑपरेशनचं टेबल, वेगळं ठेवायची खोली, वर्षाचं लसीकरण अशा मोजून दाखवता येणाऱ्या गोष्टी मागा. परदेशातल्या कुणी नातेवाइकानं तिकडच्या मित्रांकडून पैसे जमवून पाठवतो म्हटलं तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय घेऊ नका, कितीही नड असली तरी.

सरकारकडून काय? भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता घ्या, अनुदानाच्या योजनांसाठी ती लागते. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी ही नियमानं स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. नगरपालिका तुमच्याकडून ती करून घेत असेल तर लेखी करार आणि दर ठरवूनच करा, देणगीदारांच्या पैशातून नको. आणि हे दोन्ही पैसे उशिरा येतात. एकदा आम्ही अशा येणाऱ्या पैशांच्या भरवशावर औषधं उचलली आणि ११ महिने वाट पाहिली. सरकारी पैसा खात्यात आल्यावरच मोजा.

राहिली काकूंची ओळ. नवीन प्राणी घेणं बंद करावं का?

माझ्या मते काही महिन्यांसाठी आणि काही प्राण्यांसाठी, हो. ६५ कुत्र्यांमागे दोन माणसं आणि १ लाख ४० हजारांची उधारी असताना ६६ वं कुत्रं घेतलं तर आधीच्यांच्या वाट्याचं औषध त्याला जातं. हे निर्दयपणाचं वाटेल, पण गर्दीत आजार पसरतात आणि मग ज्यांना मारायचं नाही म्हणून घेतलं तीच डोळ्यांदेखत जातात. धडधाकट मोठं कुत्रं त्याच्या गल्लीतच बरं असतं. तिथं त्याला ओळखणारी चार घरं असतात. पण जखमी आणि आजारी जिवासाठी दार बंद करू नका. आणणाऱ्याला परत पाठवू नका, त्याला बरोबर घ्या: पहिल्या दिवसाचं औषध त्यानं आणावं, आठवड्यातून एकदा येऊन बघून जावं, बरं झाल्यावर त्याच जागी सोडायला यावं. हे सक्तीचं मात्र करू नका. सक्ती केली की लोक रात्री पोतं टाकून निघून जातात, आणि पोत्यातून काय येतं ते वर लिहिलंच आहे.

आणि काकूंना एकट्यानं नाही म्हणायला लावू नका. त्यांच्या तोंडून ते निघत नसेल, म्हणूनच उधारी इथवर आली असेल. आमच्या दारावर पाटी आहे, तशीच तुमच्याकडे या रविवारी रंगवून लावा: 'जखमी, आजारी प्राणी घेतो. निरोगी कुत्री-पिल्लं सध्या घेऊ शकत नाही. लस आणि नसबंदीसाठी महिन्याच्या पहिल्या रविवारी या, मदत करू.' खाली फोन नंबर काकूंचा नको, तुमचा टाका.